चाळीस ओटे आणि चाळीस टिंग

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण कृपा करून आज कुणी मोबाइल पुढे करून ‘जरा बघ ना, काय झालंय याला’ म्हणू नका. दमलोय हो मी! एका साध्या बटणापायी मी चाळीस कुटुंबांसमोर स्वतःची जी शोभा करून घेतली, ती तुम्हाला बाजारात कुणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच आहे. त्यापेक्षा मीच सांगतो.

तुम्हाला माहीतच आहे, मी कॉम्प्युटरवाला. म्हणजे नात्यातल्या लोकांच्या मते जगात जिथे जिथे वीज लागते, तिथलं सगळं मला येतं. प्रिंटर अडला, संदीपला बोलवा. गीझर गरम होईना, संदीपला विचारा. प्रत्यक्षात मी एका कंपनीत वेबसाइटवरची बटणं बनवतो. बारा वर्षं झाली. बटण दाबलं की काय व्हायला पाहिजे, एवढंच माझं शास्त्र. आणि नेमकी त्यातच माती खाल्ली.

झालं असं, की आमची शांताआत्या, वडिलांची थोरली बहीण, मखमलाबादची. घरची शेवंती, घरचा झेंडू. गेली सव्वीस वर्षं ती रस्त्याच्या कडेला, मंदिराकडे जाणाऱ्या वळणावर फुलं घेऊन बसते. आता तिथल्या सगळ्या भाजीवाल्या-फूलवाल्यांसाठी पत्र्याची नवी शेड झाली. आत सिमेंटचे चाळीस ओटे, चाळीस विक्रेते. एक नंबरचा ओटा दाराशी. चाळीस नंबरचा पार मागे, मुतारीच्या भिंतीला लागून. कोणाला कुठला ओटा, ते सोडतीने ठरणार होतं.

आता तुम्ही म्हणाल, ओटा तो ओटा. कांदेवाल्याला नसेल फरक पडत. गिऱ्हाईक कांद्यासाठी आत चालत येतं. पण देवाला निघालेला माणूस हारासाठी आत पंचवीस ओटे ओलांडत नाही. त्याला फुलं वाटेवर लागतात. आणि फुलं म्हणजे काही बटाटे नव्हेत, पत्र्याखाली दुपारपर्यंत माना टाकतात. आत्याला दाराजवळची जागा हवी होती. बोलून दाखवत नव्हती, पण महिनाभर ती त्या एक नंबरच्या ओट्याकडे बघत बघतच घरी जायची.

मागच्या एका सोडतीत चिठ्ठ्या काढल्या होत्या. त्यात एक चिठ्ठी जाड कागदाची निघाली आणि त्यावरून दोन भावकींचं बोलणं बंद झालं. म्हणून विक्रेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष रंगनाथ नाना म्हणाले, “या वेळी चिठ्ठ्या नको भो. कॉम्प्युटरवर काढू. कॉम्प्युटरला भावकी नसते.”

“माझा भाचा हाय ना!” आत्या म्हणाली. “मोठ्या कंपनीत हाय. त्याला काय, चुटकीसरशी करंल.”

मला कुणी विचारलं? कुणीही नाही! मला थेट तारीखच कळली. गुरुवार, बाजार बंदचा दिवस, दुपारी तीन.

पण खरं सांगू? मलाही जरा चेव आला. इतकी वर्षं लोकांचे प्रिंटर झटकले, आता पहिल्यांदा कुणीतरी माझ्या धंद्यातलं काम सांगितलं होतं. एक ते चाळीसमधला कुठलाही एक आकडा काढायचा. जावास्क्रिप्टमध्ये ही एका ओळीची गोष्ट. कॉम्प्युटर शून्य आणि एकच्या मधला काहीतरी अपूर्णांक देतो, त्याला चाळीसने गुणायचं, दशांश छाटायचे, एक मिळवायचा. झाला आकडा!

लिहिलं आणि बायकोला म्हटलं, “मनीषा, दाब.” ती भाजी निवडता निवडता दाबत गेली. “सात. बावीस. चौदा. सात.”

“थांब. सात पुन्हा आला?”

“आला. आता दोघांना एका ओट्यावर बसवणार का?”

कॉम्प्युटरला भावकी नसते तशी आठवणही नसते. आधी काय दिलं, त्याला पत्ता नसतो. मग मी त्याला एक यादी ठेवायला लावली आणि एक फेरा लिहिला, ज्याला आम्ही लूप म्हणतो. आकडा काढ. यादीत आहे का बघ. असला तर टाकून दे आणि परत काढ. नसेपर्यंत काढतच राहा. नवा मिळाला की यादीत लिही, मग दाखव. मनीषाने चाळीस वेळा बटण दाबलं, चाळीस वेगवेगळे आकडे आले, मेथीची जुडी निवडून झाली.

इथेच थांबायचं होतं हो! पण नाही. मी त्यात शोभा घातली. बटण दाबलं की पडद्यावर आकडे तीन सेकंद गरगर फिरतील, मग हळूहळू थांबतील. आणि दाबल्यावर आत नवा आकडा निघून यादीत गेला की स्पीकरमधून ‘टिंग’ वाजेल. मनीषा म्हणाली, “टिंग कशाला?” मी म्हणालो, “वातावरणनिर्मिती.”

तर गुरुवार. शेडमध्ये नानांच्या घरचा टीव्ही, गणेश मंडळाचा स्पीकर, माझा लॅपटॉप. नानांनी टीव्हीला झेंडूचा हार घातला, लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. ते थोडं बटणांच्या फटीत गेलं, अजून आहे. नारळ लॅपटॉपवर फोडायच्या आत मी पुढे होऊन हातात घेतला.

आणि माझी हुशारी बघा. कुणी बोट दाखवू नये म्हणून मीच नानांना म्हटलं, “आत्याचं नाव सगळ्यात शेवटी ठेवा.” आत्यानेही मान डोलावली. ती मागे एका रिकाम्या ओट्यावर शेवंतीची पाटी घेऊन बसली आणि सुईत दोरा ओवला. तिचे हात कधी रिकामे नसतात.

नियम साधा होता. ज्याचा ओटा त्यानेच माउसचं बटण दाबायचं. आपल्या हाताने काढलेल्या आकड्याला नंतर कोणी नावं ठेवत नाही, असं नानांचं म्हणणं.

पहिले आले दगडूअण्णा, वांगीवाले. आले, हात धोतराला पुसला आणि माउसवर अंगठा टेकवून असा दाबला, की मला वाटलं टेबल खाली बसेल.

“अण्णा, हळू. बोटाने.”

“असू दे रे. अंगठ्याचं माहीत हाय आपल्याला.”

मग त्यांनी अंगठा उचलला, पुन्हा धोतराला पुसला, आणि परत दाबला. टिंग! टिंग!

“दोनदा कशाला?”

“पहिल्यांदा घेत नाय ते,” अण्णा म्हणाले, जसं काही मीच नवखा आहे. “रेशनच्या दुकानात बघ ना. एकदा दाबला की नाय घेत. पुसायचा, परत दाबायचा. तवा कुठं नाव येतं.”

आकडे गरगर फिरले आणि थांबले अडतीसवर. मुतारीपासून तिसरा ओटा. अण्णांचं तोंड उतरलं, नानांनी वहीत लिहिलं. आणि मी? मी मनात म्हणालो, दोन टिंग कसे वाजले? मग वर पाहिलं. पत्रा! पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमणारच. असं स्वतःलाच समजावून मी मोकळा झालो. बारा वर्षांचा अनुभव हो!

त्यानंतर रांगच लागली. तरुण पोरं एकदा दाबायची, सरळ. पण ज्यांनी ज्यांनी रेशनच्या मशीनपुढे आयुष्य घालवलंय, ते सगळे तसेच. अंगठा पदराला पुसायचा, दाबायचा, पुसायचा, दाबायचा. टिंग, टिंग. शेड टाळ्या वाजवतेय, नाना माइकवर ओरडताहेत, “सखूबाई, नऊ नंबर!” आणि मी कमरेवर हात ठेवून उभा. एक नंबर अजून कुणालाच आला नव्हता. मी मधूनच मागे आत्याकडे बघायचो. ती खाली मान घालून ओवत होती, पण दर आकड्याला कान टवकारत होती.

चोवीस जण झाले. पंचविसावी हौसाबाई, कोथिंबीर-मेथीवाली. एकटी बाई, दोन्ही गुडघे गेलेले. हिलाही दारातलीच जागा हवी होती, कारण डोक्यावर पाटी घेऊन आतपर्यंत चालणं तिला होत नव्हतं. ती आली, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

टिंग नाही.

पडद्यावर मी लिहून ठेवलेलं वाक्य आलं, ‘नंबर शोधत आहे…’ आणि तिथेच थांबलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. लॅपटॉपचा पंखा घुं घुं करायला लागला.

“काय झालं भो?” नाना.

आता इथे ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द म्हणता आले असते की नाही? पण छे! मी घसा खाकरला आणि समजावून सांगितलं. “नाना, सोपे आकडे आधी निघतात. आता थोडेच उरलेत ना, ते सापडायला वेळ लागतो. तो एकेक आकडा काढून बघतोय, जुना निघाला की टाकून देतोय.”

यातलं शेवटचं वाक्य तेवढं अगदी खरं होतं! तो खरोखरच काढत होता आणि टाकत होता. नानांनी माइक घेतला. “ऐका! कॉम्प्युटर नंबर हुडकतोय. गडबड करू नका.”

लोक थांबले. काय गुणी लोक असतात बघा! चहा आला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लॅपटॉप तव्यासारखा तापला. एका फूलवाल्या वहिनींना त्याची दया आली. त्यांनी फुलांवर टाकायचं ओलं गोणपाट उचललं आणि सरळ त्याच्यावर पांघरायला निघाल्या. “तापलाय बिचारा. जरा गारवा देते.” मी आडवा पडलो म्हणून वाचला.

पण वाट बघून बघून माणसं काहीतरी बोलायला लागतातच. मागून कुणीतरी म्हणालं, “हौसाबाईच्या अंगठ्यानंच अडलंय.”

“व्हय व्हय! रेशनवर पण नाय चालत तिचा अंगठा.”

“हौसे, पुसला व्हता का?”

“कोथमिरीच्या मातीनं रेघा गेल्यात तिच्या!”

हौसाबाईने दहा वेळा अंगठा पदराला पुसला. परत दाबला. साबण आणला कुणीतरी, तो लावून धुतला. मग ती अंगठा मुठीत लपवून बाजूला उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काय केलं? मी म्हणालो, “होईल होईल, थोडा धीर धरा.” म्हणजे बाईला वाचवलंही नाही! याची मला आजही लाज वाटते, मी हे हसत सांगत असलो तरी.

अर्धा तास झाला असेल, तेव्हा आत्या उठली. हातात तिचा हार. सगळ्यांमधून वाट काढत आली आणि मला म्हणाली, “संदीप, हे मोज.”

“आत्या, आत्ता हार कशाला?”

“मोज म्हनते ना.”

मोजला. चाळीस फुलं.

“तुजं ते टिंग वाजलं, की मी एक फूल ओवीत व्हते,” आत्या म्हणाली. “म्हनलं, किती झाले ते कळंल, मंग आपली पाळी. चाळीस झाली फुलं. मानसं किती झाली नाना?”

नानांनी वही बघितली. “चोवीस.”

“मंग सोळा टिंग कुनाचे गेले?”

काय सांगू! अंगावर कुणी गार पाण्याची घागर ओतावी तसं झालं. पत्र्याचा घुमणारा आवाज नव्हता तो! दगडूअण्णांनी दोनदा दाबलं, तेव्हा कॉम्प्युटरने दोन आकडे काढले. पहिला यादीत गेला आणि गरगर फिरण्यातच वाया गेला, दुसरा दिसला. आकडे फिरत असेपर्यंत बटण बंद ठेवायचं, हे मी विसरलो होतो. मी, बटणवाला! असे सोळा आकडे कुणाच्याच पदरात न पडता संपले. आणि हौसाबाईने दाबलं तेव्हा चाळीसच्या चाळीस यादीत होते. नवा आकडा शिल्लकच नव्हता, आणि माझा आज्ञाधारक फेरा मात्र काढतोय, टाकतोय, काढतोय, टाकतोय. दिवाळीपर्यंत शोधला असता त्याने!

मी माइक घेतला आणि सांगितलं, चूक माझी आहे, हौसाबाईंच्या अंगठ्याचा काही दोष नाही. एवढं तरी केलं. पण त्यावर दगडूअण्णा उठले. “म्हंजे मला आधी दुसराच नंबर आला व्हता? मंग माझा पहिला नंबर कोनता?”

“माझा बी सांग!” सखूबाई.

एका क्षणात सगळ्या दोनदा दाबणाऱ्यांना आपला हरवलेला पहिला नंबर हवा झाला. प्रत्येकाची खात्री, की तो एक नंबरच असणार, दारातला! सुदैव बघा, या गोंधळात मी घाबरून ते अडकलेलं पान बंद केलं होतं. यादी गेली. “आता कुणालाच कळू शकत नाही,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा माहिती उडाल्याचा आनंद झाला.

सगळं पहिल्यापासून करू म्हटलं, तर ज्यांना चांगले ओटे लागले होते ते वहीवर हात ठेवूनच बसले. मग नाना म्हणाले, “वहीतले चोवीस पक्के. उरलेले सोळा नंबर, उरलेली सोळा मानसं. चिठ्ठ्या करा.”

झाली का पंचाईत? चिठ्ठ्या नकोत म्हणून कॉम्प्युटर आणला, आणि कॉम्प्युटर गुंडाळून चिठ्ठ्या! आणि त्या कोणी लिहायच्या? “शिकलेला मानूस हाय, त्यालाच लिहू द्या.”

मी वही पुढे घेतली. एक ते चाळीसमधले वहीत नसलेले आकडे शोधून, एकाच कागदाचे सारखे तुकडे करून लिहिले. भोवती पन्नास माणसं वाकून बघत होती. लिहून झाल्यावर मोजल्या. बरोबर सोळा. सगळ्यांसमोर पुन्हा मोजल्या. सोळा! टोपलीत टाकल्या, हलवल्या. दाराचा एक नंबर अजून कुणाला लागलेला नव्हता. म्हणजे अजून आशा होती.

हौसाबाईने पहिली उचलली. सतरा. शेडच्या बरोबर मध्ये. तिने चिठ्ठी पदरात बांधली. एकेक जण येत गेला. एक नंबर निघेना. दहा झाले, बारा झाले. चौदा, पंधरा. एक नाही! टोपलीत शेवटची चिठ्ठी आणि पुढे शेवटचं माणूस, आमची आत्या.

सगळी शेड हसायला लागली. म्हणजे आता काढायची तरी काय गरज? नाना माइकवर म्हणालेसुद्धा, “शांताबाई, दारातला ओटा तुमचाच!” सव्वीस वर्षांत मी आत्याला एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, चुकलो, फजिती झाली, पण शेवट गोड झाला.

आत्याने चिठ्ठी उघडली. बघितली. मला दिली.

सतरा.

“सतरा तर हौसाबाईला गेला!” कोणीतरी ओरडलं. हौसाबाईने पदराची गाठ सोडली. तिचाही सतरा. दोन्ही माझ्याच अक्षरात, टपोरे, सुंदर. म्हणजे मी सतरा दोनदा लिहिला होता आणि एक नंबर लिहिलाच नव्हता. चिठ्ठ्या किती ते मी दोनदा मोजलं, पण एकच आकडा दोनदा आलाय का, ते बघितलंच नाही. अहो, तेवढं एकच काम तर माझा तो गरीब बिचारा फेरा न चुकता करत होता!

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. “एक नंबर भाच्यानं आत्यासाठी बाजूला काढून ठेवला!” मागून आवाज आला. मी खिसे उलटे करून दाखवले. एकात स्कूटरची किल्ली, दुसऱ्यात नारळाचा तुकडा. कोणाचा विश्वास बसणार? माझाही बसला नसता.

नाना म्हणाले, “सतरा दोघींचा, आनि एक मोकळा. दोघींत नाणं उडवू.”

“नको,” आत्या म्हणाली. तिने हौसाबाईच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली. “हौसे, तू बस दारात. तुझे गुडघे गेलेत. आनि तुझा अंगठा उगाच बदनाम केला या लोकांनी.”

“आनि तू गं?”

“मी बसते सतराला. मी दारात बसले, तर उद्यापासून हा इथनं मान वर करून जाऊ शकंल का?”

‘हा’ म्हणजे मी. हौसाबाई तिच्या गळ्यात पडली. दगडूअण्णांनी डोळे पुसले, या वेळी अंगठ्याने नव्हे, उपरण्याने. आणि मी लॅपटॉपची वायर गुंडाळत बसलो, कारण वर बघायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी आत्याला स्कूटरवर मागे बसवून मखमलाबादला सोडायला निघालो. रामवाडीचा पूल आला. मला वाटलं, आता रडेल किंवा मला बोलेल. दोन्ही मला चाललं असतं.

मग तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. “संदीप, खरं सांग. कंपनीत बी तू हेच काम करतो?”

“हो आत्या.”

“असंच?”

“असंच.”

“मंग तुझ्या मागनं मोजायला कोनी ठेवलंय का नाय त्यांनी?”

“आहे ना. एक मुलगी आहे. मी केलेलं सगळं ती दहादा दाबून बघते आणि चुका काढते. दिवसभर तेच तिचं काम.”

“किती वर्सं झाली तिला?”

“सात.”

घर आलं. आत्या उतरली, पदर सारखा केला.

“तिला एकदा घेऊन ये इकडं,” ती म्हणाली. “चांगलं पुरनाचं जेवन करून घालते. लय सोसलं असंल पोरीनं.”